जुन्या लष्करी ॲक्शनवर बांधलेली रायफल: खानदेशातून नेहमी येणारे प्रश्न

धुळ्यात आमचं बंदूक-दुरुस्तीचं परवानाधारक दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी बसतो. शिरपूर, शहादा, चोपडा, रावेर, पार अक्कलकुव्यापासून माणसं येतात. गोधडीत गुंडाळलेली रायफल टेबलावर ठेवतात आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "हाई मना आजानी बंदूक शे, भाऊ. जरा दखी ले." त्यातल्या बऱ्याच रायफली मुळात लष्करी ॲक्शनवर बांधलेल्या असतात आणि घरच्यांना त्याची कल्पनाही नसते. त्यांचे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

लष्करी ॲक्शनवर बांधलेली रायफल म्हणजे नेमकं काय?

रायफलीची नळी, दस्ता आणि दुर्बीण काढून ठेवली की मधे जो पोलादी गाभा उरतो, ती ॲक्शन. ज्यात बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा पोलादी दट्ट्या) सरकतो ती चौकट, बोल्ट, काडतूस वर ढकलणारी मॅगझिनची रचना आणि चाप, हे सगळं त्यात आलं. फैर झाडताना सगळा दाब शेवटी हीच पेलते.

पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप-अमेरिकेत लाखो लष्करी रायफली कामातून निघाल्या आणि स्वस्तात विकल्या गेल्या. लोकांनी त्यांचा लांब लाकडी साज उतरवला, जाड नळी काढून हलकी बसवली, नवा अक्रोडाचा दस्ता केला आणि शिकारीची रायफल उभी केली. अमेरिकेत १९६८ च्या बंदूक कायद्याने अशा जुन्या लष्करी मालाची आयात थांबवली, तोपर्यंत गावोगावच्या कारागिरांचं पोट यावर भरत होतं. इंग्लंडच्या नामांकित कंपन्या तर त्याआधीपासून जर्मनीच्या माउझर ॲक्शन विकत घेऊन त्यावर उंची रायफली बांधत होत्या. जिम कॉर्बेट यांना चंपावतची वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये रिग्बी या इंग्लिश कंपनीची जी .२७५ रायफल भेट मिळाली, ती माउझर ॲक्शनवरचीच.

मी जुनी ॲक्शन मिळवून घरी किंवा ओळखीच्या लेथवर अशी रायफल बांधू शकतो का?

नाही, आणि याबाबतीत आडवळणाने काही होईल या आशेवर राहू नका.

शस्त्र कायदा १९५९ मध्ये 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येतच शस्त्राचे सुटे भाग आणि शस्त्र बनवण्याची यंत्रं येतात. म्हणजे नुसती ॲक्शन, नुसता बोल्ट, नुसती नळी घरात सापडली तरी परवान्याचा प्रश्न उभा राहतो. कलम ५ प्रमाणे बनवणं, दुरुस्त करणं, बदल करणं या प्रत्येकाला परवाना लागतो. कलम ६ प्रमाणे नळी आखूड करायलाही लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका वर्गातलं शस्त्र दुसऱ्या वर्गात बदलायलाही. त्याच दुरुस्तीने विनापरवाना बनवण्या-बदलण्याची किमान शिक्षा तीन वर्षांवरून सात वर्षांवर नेली आणि कमाल जन्मठेप केली. तुमच्या गावचा लेथवाला कितीही हुशार असो, त्याला या कामात ओढणं म्हणजे त्याच्या घरावर संकट आणणं.

मग या पानाचा उपयोग काय? ज्यांच्याकडे परवान्यावरची अशी रायफल आधीच आहे, वारसाने आलेली किंवा रीतसर विकत घेतलेली, त्यांना आपल्या हातात काय आहे हे कळावं, परवानाधारक कारागिराकडून काय करून घ्यावं आणि काय अजिबात करून घेऊ नये हे समजावं, म्हणून हे लिहिलं.

.३०३ घरात ठेवता येत नाही, पण .३१५ चालते. दोन्ही सारख्याच दिसतात. असं का?

दिसतात सारख्या, कारण ॲक्शन एकच आहे. .३०३ आणि .३१५ ही नळीच्या भोकाची इंचातली मापं. इच्छापूरच्या रायफल फॅक्टरीतली .३१५ स्पोर्टिंग रायफल ब्रिटिश लष्कराच्या .३०३ ली-एनफिल्डच्या रचनेवरच उभी आहे. बोल्ट उचलून पाहा, मागच्या बाजूचे लग (बंद बोल्टला चौकटीत अडकवून धरणारे उंचवटे) पाहा, लगेच ओळखू येईल.

कारण इतिहासात आहे. लष्कराची काडतुसं साध्या माणसाच्या रायफलीत चालू नयेत हे ब्रिटिश सरकारचं धोरण होतं. म्हणून हिंदुस्थानच्या बाजारासाठी बीएसए कंपनीने तीच ॲक्शन ८ मिलिमीटरच्या वेगळ्या काडतुसासाठी दिली. त्या काडतुसाचं मूळ ऑस्ट्रियाच्या ८×५०आर मॅनलिखरमध्ये आहे. स्वातंत्र्यानंतरही तीच विभागणी राहिली. शस्त्र नियमांत .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरची, तसंच त्या मापाचं लष्करी काडतूस ज्यात बसून उडेल अशी कुठलीही बोल्ट रायफल निषिद्ध वर्गात येते. .३१५ त्यात येत नाही.

म्हणूनच "नुसती नळी बदलून .३०३ ची .३१५ करून द्या" ही मागणी आम्ही दारातूनच परत पाठवतो. ते वर्ग बदलणं झालं. आणि .३०३ चं काडतूस .३१५ मध्ये घालून पाहण्याचा विचारही करू नका. माप वेगळं, चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची, काडतूस बसतं ती जागा) वेगळं.

आमची रायफल कोणत्या जातीची हे घरबसल्या कसं ओळखावं?

आधी रिकामी करा. मॅगझिन काढा, बोल्ट मागे घ्या आणि चेंबरमध्ये बोट घालून पाहा. डोळ्यांवर विसंबू नका.

मग बोल्टच्या तोंडाकडे पाहा. लग पुढच्या टोकाला दोन असतील आणि बाजूने एक लांब पोलादी पट्टी, म्हणजे काडतूस पकडून ओढणारा एक्स्ट्रॅक्टर, धावत असेल तर बहुतेक माउझर घराणं. लग मागे, मॅगझिनच्या पाठीमागे असतील आणि दस्ता पुढे-मागे दोन तुकड्यांचा असेल तर एनफिल्ड घराणं. चौकटीच्या वरच्या गोलाकार भागाला आम्ही रिंग म्हणतो. त्यावर लष्करी मोहोर, राजमुकुट, गरुड, चंद्रकोर असं काही अर्धवट घासलेलं दिसलं तर ती ॲक्शन सैन्यातून आलेली. कारागिराने मोहोर पूर्ण घासून काढली असेल तर मी थोडा सावध होतो. किती खोल घासलं असेल, हा प्रश्न मनात येतो. कारण पुढे सांगतो.

नंबर मात्र कधीही घासू देऊ नका. परवान्यावर जो नंबर आहे तोच रायफलीवर वाचता आला पाहिजे.

सगळ्यांत चांगली लष्करी ॲक्शन कोणती?

माझ्या मते १८९८ ची माउझर, आणि शंभर वर्षांत हे मत बदलावं असं फारसं काही घडलेलं नाही. ओबर्नडॉर्फच्या पॉल माउझर यांनी आधीच्या १८९३, १८९५, १८९६ च्या नमुन्यांत जे उणं होतं ते भरून काढलं. पुढचे दोन लग तेच ठेवले, पण मागे तिसरा दिला, पुढचे कधी निखळलेच तर बोल्ट तोंडावर येऊ नये म्हणून. काडतुसाचं पितळ फाटून गरम वायू मागे आला तर तो बाजूला निघावा म्हणून बोल्टला दोन लांबट भोकं ठेवली. नेम धरणाऱ्याचा डोळा वाचवण्याचा एवढा विचार त्या काळच्या दुसऱ्या लष्करी रायफलीत मला दिसत नाही.

आणि तो लांब पंजासारखा एक्स्ट्रॅक्टर. मॅगझिनमधून काडतूस वर येताच तो त्याची कड पकडतो आणि चेंबरमध्ये जाईपर्यंत सोडत नाही. बोल्ट अर्धवट ढकलून मागे घेतला तरी काडतूस त्याच्याच हाती असतं, दुसरं येऊन अडकत नाही. हे हातात घेऊन पाहायला हवं. दुकानात मी डमी काडतूस घालून हळूहळू बोल्ट पुढे नेऊन दाखवतो. काडतूस रेलवरून उठतं, पंज्याखाली सरकतं आणि 'खट्' न होता आत जातं. तरुण मुलं तीन-तीनदा बघतात.

तोटे? घोडा लागायला बोल्ट उचलताना जोर लागतो, आणि चौकटीचं पोलाद आतून मऊ असतं. त्याबद्दल लगेच पुढे.

१८९३ ते १८९६ च्या लहान रिंगच्या ॲक्शनही सुंदर असतात, पण त्यांना तिसरा लग नाही आणि वायू बाहेर काढायची सोय तोकडी. ७×५७ सारख्या सौम्य काडतुसाला ठीक. जास्त दाबाचं काडतूस त्यात नको.

एनफिल्ड मग हलक्या प्रतीची समजायची का?

मुळीच नाही. तिचा बोल्ट ६० अंशच फिरतो, माउझरचा ९० अंश. म्हणून ती इतकी झटपट चालते. पण लग मागे असल्यामुळे फैरीच्या क्षणी बोल्टची पूर्ण लांबी दाबली जाते, चौकट किंचित ताणली जाते आणि काडतुसाचं पितळही लांबतं. .३०३ आणि .३१५ च्या दाबाला हे चालतं, त्याच्या वर जाऊ नये. साठच्या दशकात इच्छापूरने ७.६२ मिलिमीटरसाठी एनफिल्ड बनवली, तीही सुधारित पोलाद वापरूनच.

एनफिल्डवाल्यांसाठी एक गोष्ट, कारण दरवर्षी एक-दोन दस्ते याच चुकीने फुटून येतात. नंबर १ एनफिल्डचा मागचा दस्ता एका लांब बोल्टने धरलेला असतो आणि त्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकतं. पुढचं लाकूड न उतरवता मागचा बोल्ट फिरवला की ते टोक पुढच्या लाकडाला आतून पिळतं आणि 'कर्र' आवाज येऊन लाकूड चिरतं. आधी पुढचं लाकूड, मगच मागचं. तेल लावायला म्हणून हौसेने दस्ता सोडवू नका.

शंभर वर्षांचं पोलाद अजून भरवशाचं असतं का?

वयापेक्षा त्याला 'पाणी' कसं दिलं होतं आणि नंतर कोणी त्याला आगीजवळ नेलं का, हे महत्त्वाचं.

आपल्याकडे कुऱ्हाडीला पाणी देणारा लोहार पाहिला असेल. लाल झालेलं पातं तो सावलीत धरून रंग बघतो आणि मग पाण्यात बुडवतो. उन्हात तोच रंग फिका दिसतो, म्हणून पातं जास्त तापतं आणि धार काचेसारखी ठिसूळ होते. हीच चूक अमेरिकेच्या सरकारी कारखान्यात झाली. १९०३ च्या स्प्रिंगफिल्ड रायफलींची चौकट कारागीर नजरेने रंग बघून तापवत. ढगाळ दिवशी एक ताप, लख्ख उन्हात दुसरा. काही चौकटी जळाल्या आणि दाब वाढला की तडकून फुटू लागल्या. पहिल्या महायुद्धाच्या वेळी हे लक्षात आलं आणि पद्धत बदलली. म्हणून स्प्रिंगफिल्ड कारखान्याच्या ८,००,००० च्या खालच्या आणि रॉक आयलंडच्या २,८५,५०७ च्या खालच्या नंबरांच्या रायफली आजही जाणकार माणूस चालवत नाही. बाहेरून त्या निर्दोष दिसतात.

माउझरचं वेगळं. ती मऊ, कमी कार्बनच्या पोलादाची असते आणि वरच्या थरालाच कार्बन देऊन कडक केलेलं असतं. ज्वारीच्या भाकरीसारखं समजा, वर पापुद्रा कडक, आत मऊ. ही रचना मुद्दाम केलेली. मऊ गाभा तडकत नाही, कडक पापुद्रा झिजत नाही. पण कोणी रिंग चकचकीत करायला खोल घासली, किंवा लग 'नीट बसावेत' म्हणून पेस्ट लावून तासन्‌तास घासले, तर पापुद्रा जातो. मग प्रत्येक फैरीगणिक लग मऊ पोलादात थोडे थोडे रुततात.

हेडस्पेस हेडस्पेस म्हणतात ते काय?

काडतूस चेंबरमध्ये बसल्यावर बोल्टच्या तोंडापर्यंत जी जागा असते, ती. फार कमी असेल तर बोल्ट बंद होत नाही. जास्त असेल तर फैरीच्या वेळी पितळ मागे ताणलं जातं, बुडाच्या थोडं वर पातळ होतं आणि एक दिवस तिथेच फाटतं. मोजायला दोन पोलादी गेज असतात. 'गो' गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे, 'नो-गो'वर होता कामा नये. दोघांमधला फरक साधारण ०.१ ते ०.१५ मिलिमीटर. डोक्याच्या एक-दोन केसांएवढा.

एकदा एका गृहस्थांनी माउझर आणली. घरात दोन पिढ्या, देखणी, अक्रोडाचा दस्ता, वर नवी दुर्बीण. तक्रार एवढीच की हल्ली बोल्ट उचलायला जड जातो. मी दुर्बिणीखाली वाकवलेला बोल्टचा दांडा पाहिला. जोडावर निळा-जांभळा डाग पार बोल्टच्या अंगापर्यंत गेला होता. गेटं-खिडक्या जोडणाऱ्या एका वेल्डरकडून दांडा कापून पुन्हा जोडून घेतला होता, दुर्बिणीला आडवा येतो म्हणून. उष्णता बोल्टच्या अंगात चढून पाणी उतरलं होतं. बोल्ट बाहेर काढून भिंगाखाली धरला तर लगांच्या पाठीवर कडा दाबलेल्या, बोटाच्या नखाला ओठ लागेल अशा. नो-गो गेज घातलं. बोल्ट त्यावर सहज बंद झाला, काही अडथळाच नाही. त्यांनी शेवटची झाडलेली पुंगळी खिशातून काढून दिली. तिच्या बुडाच्या वर चारी बाजूंनी एक चकाकती रेघ होती. अजून चार-पाच फैरी झाडल्या असत्या तर पितळ तिथेच फाटलं असतं.

मी रायफल बंद करून परत दिली. ती चालवू नका असं लिहून दिलं. त्यांना वाईट वाटलं, मला त्यांच्यापेक्षा जास्त. एवढी चांगली ॲक्शन एका दुपारच्या वेल्डिंगने गेली होती.

तुम्हीही झाडलेली पुंगळी फेकू नका. दाभणाचं टोक वाकवून पुंगळीच्या आतून बुडाकडे फिरवा. खाच लागली तर रायफल ठेवा आणि आधी गेज करून घ्या.

दुर्बीण बसवायची आहे. काय काय बदलावं लागतं?

लष्करी रायफलीत तीन गोष्टी आडव्या येतात. सरळ किंवा उंच उचलला जाणारा बोल्टचा दांडा, वर उभी राहणारी सेफ्टीची पाकळी आणि रिंगवर स्क्रूची भोकंच नसणं.

दांडा नीट करायचा तर बोल्टच्या आत उष्णता शोषणारा पितळी किंवा तांब्याचा ठोकळा बसवून, लग ओल्या फडक्यात किंवा खास लेपात झाकून, अगदी थोड्या वेळात काम उरकावं लागतं. वरची गोष्ट वाचलीत, कारण तीच. सेफ्टीला आडव्या चालीची दुसरी पद्धत असते, ती दुर्बिणीखाली नीट चालते. भोकांसाठी रिंगचा पापुद्रा इतका कडक असतो की साधं ड्रिल घसरतं, कार्बाइडचं लागतं. भोकं नळीच्या मध्यरेषेवरच पडली पाहिजेत. एक मिलिमीटर सरकली तर दुर्बिणीचा नेम डावी-उजवीकडे जुळवायची सगळी सोय त्यातच खर्ची पडते. हे काम जिगमध्ये, म्हणजे ड्रिलला वाट दाखवणाऱ्या साच्यात, पकडूनच होतं, हातातल्या ड्रिलने कधीच नाही.

खरं सांगू? पन्नास-शंभर मीटरच्या निशाण्याला चांगलं उघडं साइट पुरतं. दुर्बिणीसाठी मूळ रायफलीला भोकं पाडण्याआधी एकदा विचार करा.

नळी बदलता येते का? कुठलं काडतूस ठेवावं?

परवान्यावर जे काडतूस आहे तेच. मापात बदल म्हणजे शस्त्रात बदल.

जुन्या नळीचं म्हणाल तर बोल्ट काढून मागून उजेडाकडे धरा. बहुतेक जुन्या नळ्या तोंडाशी झिजलेल्या असतात, कारण सैन्यात नळी साफ करायचा दोरीचा पुल-थ्रू रोज त्याच कडेवर घासला गेलेला असतो. मधली नळी चांगली, फक्त तोंड गेलेलं, असंही पुष्कळदा दिसतं. पण नळी आखूड करायला कलम ६ आहे, ते विसरू नका. मॅगझिनचंही लक्षात ठेवा. माउझरची पेटी ७.९२×५७ च्या बेताने बनली आहे. ७×५७ तिच्यात चोख बसतं, .३०-०६ लांबीने थोडं जास्त भरतं. कधी काळी कोणी पेटी आणि चौकटीची पुढची उतरण खरवडून लांब केली असेल तर खालच्या लगाचा आधार किती उरला ते बघावंच लागतं.

खानदेशात दस्त्याला कोणतं लाकूड चालतं?

या प्रश्नावर मी तासभर बोलू शकतो.

उत्तम लाकूड अक्रोड. काश्मीरचा अक्रोड हलका, चिवट, कोरीव कामाला आज्ञाधारक, आणि धक्का पचवतो. आपल्याकडे सातपुड्याच्या सागाचं सगळ्यांना वेड आणि घरातला जुना सागवानी वासा घेऊन लोक येतात: "भाऊ, शंभर वर्षांचं लाकूड आहे, यातच कर." दारं-खिडक्यांना साग राजा. पण दस्त्याला तो तेलकट पडतो, बेडिंगचा (ॲक्शन लाकडात घट्ट बसवायचा) लेप धरत नाही आणि धक्क्याने रेषेवर चिरतो. शीसव मजबूत आणि देखणा, पण जड. शीसवाचा दस्ता घेऊन सातपुड्याच्या एका चढावर जाऊन या, मग कळेल. बाभूळ बैलगाडीलाच राहू द्या.

लाकूड कुठलंही असो, ते वाळलेलं हवं आणि आपल्या हवेला मुरलेलं हवं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, हवा कोरडी ठणठणीत. ऑगस्टमध्ये तेच लाकूड ओल पिऊन फुगतं. बाहेरून आणलेलं लाकूड मी वर्षभर दुकानात नुसतं ठेवतो, एक उन्हाळा आणि एक पावसाळा त्याने पाहिल्याशिवाय छिन्नी लावत नाही. घाईत बनवलेला दस्ता उन्हाळ्यात आकसतो, ॲक्शनचे स्क्रू ढिले पडतात आणि लोक म्हणतात रायफल बिघडली.

बसवताना दोन जागा जिवाच्या. एक, ॲक्शनखालचा धक्का घेणारा लग. तो मागच्या बाजूने लाकडाला पूर्ण टेकला पाहिजे. तिथे इपॉक्सीचा लेप देऊन बसवणं सगळ्यांत चांगलं. दुसरी, ॲक्शनची मागची शेपटी. तिच्या पाठीमागे अर्धा-एक मिलिमीटर फट ठेवायचीच. ती लाकडाला टेकली की प्रत्येक धक्का पाचरीसारखा काम करतो आणि मनगटाच्या जागी दस्ता उभा चिरतो. फट दिसली की लोकांना काम कच्चं वाटतं. ती फट मुद्दाम ठेवलेली असते. नळीही पुढे लाकडाला टेकू नये. कागदाची पट्टी नळी आणि लाकडामधून सरकवून पाहा, ती अडकता कामा नये.

शेवटी जवसाचं तेल. एका वेळी दोन थेंब, तळहाताने, गरम होईपर्यंत चोळायचं आणि दोन दिवस वाळू द्यायचं. असे दहा-बारा हात.

चाप हलका करून द्याल का?

लष्करी चाप दोन टप्प्यांचा असतो. आधी सैल चाल, मग ठाम अडथळा, मग फैर. सवय झाली की हा चांगला चाप आहे, आणि सुरक्षितही. पृष्ठभाग स्वच्छ करून तो गुळगुळीत करता येतो. कानशीने घासून 'पिसासारखा' करून देणार नाही. असा चाप बोल्ट जोरात बंद केला तरी सुटतो. बांधावरून उतरताना हातातून निसटलेली रायफल काय करेल, त्याचा विचार करा.

ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) पुन्हा करावं का?

गंज नसेल तर नको. गरम क्षारांच्या भट्टीपेक्षा जुन्या पद्धतीचं, हळूहळू गंज धरू देऊन उकळत्या पाण्यात काळं करण्याचं काम जास्त टिकतं आणि जुन्या पोलादाला शोभतं. पॉलिश करताना मोहोर आणि अक्षरांच्या कडा गोल होऊ देऊ नका.

आमच्याकडे मूळ साजातली, न बदललेली लष्करी रायफल आहे. तिची स्पोर्टिंग करून घेऊ का?

करू नका. पन्नास वर्षांपूर्वी या रायफली ढिगाने होत्या, कापल्या तरी कोणाला वाटत नव्हतं. आता मूळ लाकूड, मूळ साइट आणि जुळणारे नंबर असलेली रायफल दुर्मिळ झाली आहे. कापलेलं लाकूड पुन्हा जोडता येत नाही. ज्यांचं आधीच कोणी तरी रूप बदललेलं आहे, त्यांच्यावरच काम करावं असं माझं मत आहे. आणि ती निषिद्ध मापाची निघाली तर आधी परवाना विभागाकडे जा, कारागिराकडे नंतर.

आजोबा वारले. रायफल घरातच आहे. काय करू?

आजच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या, मग वारस म्हणून अर्ज करा. "दहावा-तेरावा झाला की बघू" म्हणत वर्ष निघून जातं आणि रायफल विनापरवाना घरात राहते. आजोबा हयात असतील तर अजून सोपं. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा शस्त्र बाळगून २५ वर्षं झाली की ते हयात असतानाच वारसाच्या नावाने अर्ज करता येतो. २०१९ पासून एका परवान्यावर तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, तेही भावाभावांत वाटणी करताना ध्यानात घ्या.

रानडुकरं आणि नीलगाई केळी-मका उद्ध्वस्त करतात. या रायफलीने मारू शकतो का?

वन विभागाच्या परवानगीशिवाय नाही. शिकारीवर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. १८२५ मध्ये जेम्स औट्रम हा इंग्रज अधिकारी भिल्ल पलटण उभी करायला खानदेशात आला तेव्हा इथल्या रानात वाघांची शिकार ही त्याची रोजची करमणूक होती. ते रान आता राहिलं नाही. जे उरलं आहे त्यात यावलचं अभयारण्य आहे, आणि तिथली जनावरं आपली आहेत. नुकसानभरपाईचा अर्ज आणि कुंपण, हाच मार्ग. नेमबाजीची हौस रेंजवर भागवा.

जुनी काडतुसं पडून आहेत, वापरू का?

परवान्यावर नोंदलेल्या संख्येतली असतील तरच तो प्रश्न. हिरवट पितळ, मानेला चिर, सैल गोळी दिसली की जमा करा. खूप जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीतल्या रसायनाने नळीत मीठ उरतं आणि ते हवेतली ओल ओढतं. तेलाने ते निघत नाही. आधी नळीतून उकळतं पाणी, मग कोरडं फडकं, मग तेल. .३१५ ची काडतुसं खडकीच्या दारूगोळा कारखान्याची मिळतात, तीच वापरा. आपल्या वरणगावच्या कारखान्यात काडतुसं बनतात खरी, पण ती सैन्याच्या मापाची.

वर्षभर कशी ठेवावी?

कातडी म्यानात किंवा कॅनव्हासच्या पिशवीत नाही. ती प्रवासापुरती. कातडं ओल धरतं आणि ज्या बाजूला रायफल टेकते त्याच बाजूला गंजाची लांब पट्टी उठते. गोधडीतही नको. कुलूपबंद कपाटात उभी ठेवा, नळीचं तोंड खाली करून, म्हणजे जादा तेल ॲक्शनमधून दस्त्याच्या लाकडात उतरत नाही. बोल्ट वेगळा, वेगळ्या कुलपात.

जूनचा पहिला पाऊस पडला की एकदा बाहेर काढा. कोरड्या फडक्याने घामाचे ठसे पुसा, नळीतून एक तेलाचं फडकं फिरवा, बोल्टच्या आत मात्र तेल भरू नका, नाही तर फायरिंग पिन मंदावते. मग पोळ्याला पुन्हा एकदा. आमच्या शिरपूरकडच्या एका गिऱ्हाइकाने हे बैलांच्या कामालाच जोडून घेतलं आहे. सकाळी बैल धुवायचे, दुपारी आजोबांची माउझर पुसायची. त्यांची रायफल गेली वीस वर्षं माझ्याकडे फक्त तपासणीला येते.